काठीचं दुसरं टोक

वामिंबी मिस्त्रीनं मागच्या चाकाचा एक्सल चौथ्यांदा ओढून काढला, पोत्यावर ठेवला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. सकाळी आठला धरलेलं काम बारा वाजले तरी तिथल्या तिथं होतं. चाक बाहेर काढायला हात पुढे जाईनात, आणि गुडघे तर केव्हाचे संपावर गेले होते.

"अजून घासतोय?" नांगोलीनं विचारलं.

"घासतोय."

"त्याच बाजूला?"

"का, दुसऱ्या बाजूला घासला असता तर बरं वाटलं असतं तुला?"

दुकानाच्या दारात पालथ्या घातलेल्या क्रेटवर नांगोली सकाळपासून बसून होता. पोरगा वरच्या गावचा, डोंगराच्या अंगावरचा. तिकडच्या रस्त्यावर मोटरसायकलीशिवाय काही चढत नाही. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि दवाखाना होता खाली बुडाडिरीत, मिस्त्रीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या आठवड्यात ओल्या तांबड्या मातीवर मागचं चाक सटकून तो दोनदा आडवा झाला, तेव्हा बायकोनं सांगून टाकलं होतं की असल्या गाडीवर मी बसायची नाही, घरीच काय व्हायचं ते होऊ दे. म्हणून त्यानं रुंद टायर आणला होता, जाड गाठींचा. दुपारचा पाऊस उतरायच्या आत वर पोचायचं आणि उद्या उजाडताच बायकोला घेऊन खाली यायचं, एवढाच त्याचा बेत होता.

टायर मात्र चिमट्याला घासत होता. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्या चिमट्याच्या डाव्या, म्हणजे चेनकडच्या दांडीला. हातानं चाक फिरवलं की गाठी खर्र खर्र करत जात. उजवीकडे मात्र बोट सहज जाईल एवढी फट होती.

मिस्त्रीनं काही बघायचं ठेवलं नव्हतं. चेन ताणायच्या दोन्ही पट्ट्या सारख्या खुणेवर होत्या. बुश आपापल्या बाजूला होते, लांब ड्रमकडे, आखूड चेनकडे. ब्रेकची प्लेट चिमट्याच्या खुंटाला नीट अडकली होती. बेअरिंगमध्ये हलका म्हणावा इतकाही खेळ नव्हता. टायर रिमवर सगळीकडून सारखा बसला होता. त्याच्या कडेची बारीक रेघ त्यानं चष्मा पुसून पुसून गोल फिरून पाहिली होती. पस्तीस वर्षांत बुडाडिरीच्या मोटरसायकलींनी त्याच्यापासून फार कमी गोष्टी लपवल्या होत्या. ही गाडी लपवत होती, आणि आज त्याला तिच्या मनधरणीचा कंटाळा आला होता.

"मिस्त्री," रस्त्यापलीकडून आवाज आला, "चाकाला काय विचारताय एवढं? लग्न लावायचंय का त्याचं?"

हा मुदोमा. रस्त्याच्या त्या कडेला पिवळ्या छत्रीखाली फोनचं रिचार्ज विकत बसलेला असे. तोंड चोवीस तास चालू. डावा पाय गुडघ्याखाली नाही. कुबडी छत्रीच्या दांड्याला टेकवलेली.

"तू तुझं बघ," मिस्त्री म्हणाला.

"माझं काय बघायचं? मला चाकंच नाहीत. मी सुखी आहे."

नऊ वर्षांपूर्वी मुदोमा ह्या नाक्यावर भाड्यानं मोटरसायकल चालवणाऱ्यांतला सगळ्यात तेज स्वार होता. बुडाडिरीत पहिला रुंद टायर त्यानंच घातला. तोही असाच चेनच्या बाजूला घासायचा, पण रिकाम्या गाडीला नाही. मागे कॉफीची दोन पोती चढली की मग. उतारावर, पुलाच्या वळणावर, घासून घासून पातळ झालेली टायरची कड फुटली. पोती एकीकडे गेली, मुदोमा एकीकडे. पाय गाडीखाली राहिला तो दवाखान्यातच राहिला.

ते चाक कुलोबानं बांधलं होतं. कुलोबा म्हणजे मिस्त्रीच्या बहिणीचा मुलगा, दुकानात सहा वर्षं हाताखाली काम केलेला, चोवीस वर्षांचा गडी. लोक दुकानासमोर जमले तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, हे चाक कुणी बांधलं? मिस्त्रीनं भाच्याकडे बोट केलं. खोटं काही सांगितलं नव्हतं त्यानं. त्याच संध्याकाळी कुलोबा हातातल्या कापडी पिशवीनिशी खाली म्बाले शहरात गेला तो परत आला नाही.

तेव्हापासून बुडाडिरीत दोन गोष्टी ठरून गेल्या होत्या. एक म्हणजे रुंद टायर ह्या गाड्यांना मानवत नाही. कुणी आणलाच तर मिस्त्री धारदार सुरीनं चेनकडच्या गाठी छाटून द्यायचा, मगच बसवायचा. दुसरी म्हणजे कुणाचंही चाक कुरकुरलं की मिस्त्री न बघताच म्हणायचा, "कुलोबानं बांधलेलं असेल." नाक्यावरची पोरं तर हल्ली गाड्यांची ओळ लांबली किंवा चहा करपला तरी कुलोबाचं नाव घेत, आणि हसत.

मुदोमाला मिस्त्रीनं वाऱ्यावर सोडलं नाही. छत्री त्यानंच आणून दिली. दुपारचं जेवण दोघांचं एकत्र असे, मिस्त्रीच्या घरून आलेलं. भाच्याचं पाप फेडतोय, असं तो मनाशी म्हणे, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला थोडं बरंही वाटे.

"काका," नांगोली चाचरत म्हणाला, "म्बालेत हाच टायर सगळे घालतात."

"घालू देत."

"तिथं घासत नाही."

मिस्त्रीनं मान वर केली. "तू बघितलंस?"

"हातानं फिरवून बघितलं. दोन्ही बाजूंना सारखी फट. गाडी हीच, मॉडेल हेच. गाठी कुणी छाटत नाही. आमच्याकडे छाटतात, असं मी म्हणालो तर ते लोक हसले."

"दुकान कुणाचं?"

नांगोलीनं क्रेटवरच जागा बदलली. उत्तर देईपर्यंत रस्त्यावरून केळ्यांचे घड लादलेल्या दोन सायकली गेल्या.

"कुलोबाचं," तो म्हणाला.

मिस्त्रीनं चाक परत चिमट्यात घातलं. एक्सल ठोकला, पट्ट्या खुणेवर आणल्या. मग आतून दोऱ्याचं रीळ आणलं आणि नांगोलीच्या हातात एक टोक देऊन गाडीच्या पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत दोरा ताणून धरायला लावला. चिमटा वाकडा निघावा, असं त्याला फार वाटत होतं. वाकडा चिमटा म्हणजे गाडीचा दोष. गाडी पडली असेल, कुणी ठोकली असेल. पण दोरा चिमट्याच्या बरोबर मधून गेला. रिमच्या मधून मात्र गेला नाही. रिम दोऱ्याच्या डावीकडे होती.

त्यानं चाक फिरवलं. रिमला आऊट, म्हणजे डगमग, अजिबात नव्हता. बोट टेकवून धरलं तर रिम बोटाला सारखी लागून जात होती. चाक गोल फिरत होतं, सरळ फिरत होतं, फक्त आपल्या जागेवर फिरत नव्हतं.

"हे चाक नवीन आहे ना?" नांगोली म्हणाला. "गेल्या मंगळवारी तुम्हीच बांधून दिलंत."

"माहीत आहे मला."

"नाही, म्हणजे मी म्हटलं…"

"माहीत आहे म्हटलं ना!"

रस्त्यापलीकडे मुदोमानं मान वळवली. मिस्त्री सहसा ओरडत नसे.

काठी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. हातभर लांब, जुन्या कडक लाकडाची, तेलानं काळी पडलेली. एका टोकाला खाली तोंड करून मारलेली लोखंडी खुंटी. चाक चेनकडची बाजू खाली करून पिंपावर आडवं ठेवायचं, काठी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, काठावर आडवी टेकवायची आणि खुंटीचं टोक रिमला नेमकं शिवेपर्यंत स्पोक कसत आणायचे. शिवलं की रिम जागेवर आली. वामिंबीनं ही काठी स्वतः बनवली होती, दुकान टाकलं त्या वर्षी, आणि डोंगराच्या ह्या अंगाला जेवढी चाकं फिरत होती त्यातली बहुतेक ह्या काठीवर उतरली होती. गेल्या मंगळवारचंसुद्धा. भाचा तेव्हा म्बालेत होता. ह्या वेळी बोट करायला कुणी नव्हतं.

त्यानं काठी खाली घेतली. खिळा ज्या भोकातून जायचा ते भोक काठीच्या दुसऱ्या टोकाला होतं. रोज हाताखालून जाणारं भोक, आज तो बघत राहिला.

ते भोक कुलोबानं पाडलं होतं. मुदोमा पडायच्या महिनाभर आधी नव्या घडणीचे हब बाजारात यायला लागले होते. एका दुपारी मिस्त्री जेवून आला तर भाचा काठी शिकंज्यात धरून ड्रिल मारत होता. मामा, तो म्हणाला होता, नवा हब बुटका आहे, ही खुंटी जुन्याची आहे, ह्या टोकाला दुसरी मारतो. मिस्त्रीनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर कानाखाली आवाज काढला. माझ्या काठीला भोक पाडतोस? तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीची काठी आहे ती! कुलोबानं गाल चोळला नाही. खाली पडलेला भुसा पायानं सारला आणि त्यानंतरचं प्रत्येक चाक मामाच्या खुंटीवर, मामा म्हणेल तसं बांधलं. मुदोमाचंही.

आणि हाच भाचा वयात आला तेव्हाच्या सुंतेच्या वेळी, तो सगळ्या गावासमोर न हलता उभा राहिला तेव्हा, त्याच्या तोंडाला नाचणीचं आंबवण फासायचा मान मामा म्हणून वामिंबीचा होता. पांढरं वासरू दिलं होतं त्यानं. बहीण तेव्हा हसत हसत रडली होती. आता तीही म्बालेला मुलाकडे राहते. पूर्वी दर नाताळला धुरावलेल्या बांबूच्या कोंबांची जुडी घेऊन यायची, ती नऊ वर्षांत आली नाही.

"काका, एक सांगू का?" नांगोली उठून जवळ आला. आकाशाकडे बघत होता. डोंगराच्या माथ्यावर ढग बसायला लागले होते. "गाठी छाटा आणि द्या. नेहमी देता तशा. मी जपून चालवीन."

सुरी हाताशीच होती, बाकावर. दहा मिनिटांचं काम. गाठी गेल्या की खर्र खर्र बंद, पट्टी एक खूण मागे घेतली की पोरगा वर पोचला असता, आणि बुडाडिरीत जे ठरलं होतं ते तसंच राहिलं असतं. मिस्त्रीनं सुरी उचललीही. अंगठ्यानं धार बघितली. तो खरोखर थकला होता, आणि थकलेल्या माणसाला दहा मिनिटांचं काम फार जवळचं वाटतं.

"बायको मागे कशी बसते तुझी?" त्यानं विचारलं.

"बायका बसतात तशीच. एका अंगाला पाय सोडून."

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

टायर घासत होता तीच बाजू. मिस्त्रीनं सुरी खाली ठेवली.

मागच्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग होता. त्यात हात घालून त्यानं एक जुना हब शोधून काढला, गंज खरवडला. मग नव्या हबचा खोका फोडला. दोन्ही हब चेनकडची बाजू खाली करून जाड काचेवर शेजारी शेजारी उभे केले आणि वरून काठी आडवी ठेवली. काठी कलली. डोळ्यांना दिसेल एवढी. त्यानं खिशातून शंभर शिलिंगाची दोन नाणी काढून एकावर एक नव्या हबवर ठेवली आणि काठी परत टेकवली. आता ती सपाट बसली.

नांगोली वाकून बघत होता. त्याला फार काही कळलं नसावं.

"दोन नाण्यांएवढा बुटका," मिस्त्री म्हणाला, आणि बाकावर बसला.

मुदोमा एवढ्यात रस्ता ओलांडून आला होता. जेवणाची वेळ झाली होती. कुबडी टेकत तो नेहमीच्या जागी, भिंतीला लागून असलेल्या जुन्या सीटवर बसला आणि डबा उघडायला लागला. "आज काय आहे? परत बीन्सच ना? मिस्त्री, तुमच्या घरी शेंगदाणे पिकत नाहीत काय?"

मिस्त्री नांगोलीला म्हणाला, "त्याला फोन लाव."

"कुणाला?"

"ज्यानं टायर दिला त्याला."

नांगोलीनं लावला. मिस्त्रीला एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा करून त्यानं तो बाकावर ठेवला. पलीकडे हवा भरायच्या यंत्राची घरघर होती.

"बोला नांगोली!" कुलोबाचा आवाज भरदार झाला होता. "बसला का टायर? छाटला तर नाही ना म्हाताऱ्यानं?"

"वामिंबी बोलतोय," मिस्त्री म्हणाला.

घरघर बंद झाली. कुणीतरी बटण दाबलं असावं. मुदोमाचा डब्यातला हात थांबला.

"बोला, मामा."

मिस्त्रीला कितीतरी बोलायचं होतं. शेवटी त्याच्या तोंडून बाहेर पडला तो एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीला विचारायचा प्रश्न.

"नव्या हबला खुंटी केवढी ठेवतोस?"

नांगोलीनं लाइन तुटली का म्हणून वाकून पाहिलं.

"सतरा मिलीमीटर," कुलोबा म्हणाला.

"आणि आपली?"

"एकवीस. कायम एकवीसच होती." मग थोडं थांबून, "मामा, काठी आहे अजून?"

"आहे."

"त्या भोकातच मारा खुंटी. मापानंच पाडलंय ते. दुसरं पाडू नका, लाकूड चिरेल."

"त्याच भोकावर टांगतोय मी काठी," मिस्त्री म्हणाला. "नऊ वर्षं."

मिस्त्रीनं तळहातानं चेहरा पुसला. तळहाताचं काळं तेल गालावर उतरलं.

"कुलोबा."

"हां."

"तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

"कामाला लागा मामा," कुलोबा म्हणाला. त्याचा आवाज आता भरदार नव्हता. "नांगोलीला वर जायचंय. पाऊस येईल."

फोन बंद झाला. मुदोमा डबा मांडीवर घेऊन बसला होता. नऊ वर्षांपूर्वी तो नुसता स्वार नव्हता. गाडीचा नटबोल्ट ओळखणारा माणूस होता. त्याला सतरा आणि एकवीस समजवायची गरज नव्हती. त्यानं हातातला घास परत डब्यात ठेवला.

मिस्त्रीनं एक जाड खिळा घेतला. जुनी खुंटी शेजारी धरून आधी एकवीसला कापला; हाताला तीच सवय होती. कापल्यावर कळलं. मग तोच तुकडा परत शिकंज्यात धरला, सतरावर खूण केली आणि करवतीचं पातं लावलं. लोखंडाची चकती टिंग करून खाली पडली आणि घरंगळत मुदोमाच्या कुबडीपाशी गेली. मुदोमानं वाकून ती उचलली. तळहातावर ठेवली. दोन बोटांत धरून उजेडाकडे केली.

"एवढंच?" तो म्हणाला.

मिस्त्रीनं मान हलवली.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"सकाळी कुबडीचा पट्टा बांधताना रोज एक शिवी देतो मी कुलोबाला. रोज. संध्याकाळी सोडताना दुसरी." मुदोमाचा आवाज चढला नव्हता. "इथं बसून दिल्यात. तुमच्या ताटात जेवताना दिल्यात. तुम्ही ऐकल्यात, मिस्त्री."

"ऐकल्यात."

"आणि मला वाढत राहिलात."

मिस्त्री खाली बघत होता. मुदोमानं चकती शर्टाच्या खिशात टाकली, डब्याला झाकण लावलं आणि डबा बाकावर परत ठेवला. कुबडी घेऊन उठला. दारात थांबून नांगोलीला म्हणाला, "त्याचा नंबर दे."

नांगोलीनं आकडे सांगितले. मुदोमा ते पुटपुटत रस्ता ओलांडून गेला.

खुंटी भोकात चपखल बसली. दोन ठोक्यांत. मिस्त्रीनं चाक परत बाहेर काढून टायर उतरवला, चाक पिंपावर आडवं टाकलं, चेनकडचे स्पोक एकेक वळसा ढिले केले, ड्रमकडचे कसले, काठी टेकवली, परत ढिले केले, परत कसले. रिम केसाकेसानं सरकत होती. नांगोलीला त्यानं चाक धरायला लावलं. पाठीत कळ येत होती, मधूनच डोळ्यांपुढे स्पोकचं जाळं पुसट व्हायचं, मग तो चष्मा काढून बाहीनं पुसायचा आणि परत लागायचा. दुसऱ्या खुंटीचं टोक रिमला शिवलं तेव्हा त्यानं चाक हळूच फिरवलं. सगळीकडे शिवत होतं, कुठंही अडत नव्हतं.

टायर चढला, चाक चिमट्यात गेलं, एक्सल पाचव्यांदा ठोकला. नांगोलीनं चाक फिरवलं. आवाज आला नाही. त्यानं डावीकडे बोट घालून पाहिलं, उजवीकडे घालून पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मिस्त्रीला तिकडे बघवेना.

"जा आता," तो म्हणाला. "उतारावर तिला घट्ट धरायला सांग. आणि पाऊस लागला तर थांब, शहाणपणा करू नकोस."

"काका, किती झाले?"

"निघ म्हटलं ना."

गाडीचा आवाज चढणीवर बारीक होत गेला. मिस्त्रीनं पोतं झटकलं, पाने पुसून जागच्या जागी ठेवले, जुना हब ढिगात टाकला. शेवटी काठी उचलून भिंतीपाशी गेला. खिळ्यावर टांगायला हात वर नेला आणि तसाच थांबला. भोक बुजलं होतं. काठी टांगायला आता जागा नव्हती.

ती हातात घेऊनच तो दारात आला. रस्त्यापलीकडे पिवळ्या छत्रीखाली मुदोमा फोन कानाला लावून बसला होता, दुकानाकडे पाठ करून. त्याचे खांदे हलत होते. बोलत होता की आणखी काही, ते इथून कळत नव्हतं. मिस्त्री थोडा वेळ त्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग नाक्याकडे निघाला.

नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत अकरा गाड्या ओळीनं लागल्या होत्या. त्यातल्या आठ त्याच्या ओळखीच्या होत्या, म्हणजे चाकासकट. पहिल्या गाडीवर आडवा पसरलेला पोरगा त्याला काठी घेऊन येताना बघून उठून बसला.

"काय मिस्त्री? आज काठी घेऊन? कुणाला बडवायचंय?"

"दुकानात चल. मागचं चाक काढायचंय."

"का? मस्त चाललीय की गाडी."

"चाललीय. पण चाक चार मिलीमीटर डावीकडे आहे. टायर रुंद घातलास की फुटेल कधीतरी. सगळ्यांचीच काढायचीत, एकेक करून. पैसे नाहीत घ्यायचे."

बाकीचे गाड्यांवरून उतरून जवळ आले. पोरगा हसला, ठरलेलं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं.

"कुलोबानं बांधलेलं असेल!"

दोघंतिघं हसले. वामिंबी मिस्त्री हसू ओसरेपर्यंत थांबला. काठी त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही," तो म्हणाला. "मी बांधलंय."